यादी प्रोग्रामची, निवड माणसाची : प्रस्तावना

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले. ६१ जिल्ह्यांचे राज्य एका दिवसात ४५ जिल्ह्यांचे झाले. पत्त्याच्या रकान्यात जिल्ह्यांची उघडणारी यादी असलेल्या प्रत्येक संगणक प्रणालीला त्या दिवशी एक प्रश्न लागू झाला : रायपूर, बिलासपूर, बस्तर ही नावे आता मध्य प्रदेशाखाली दिसावीत का? ज्याने नावे कोडच्या ओळींत एकेक करून लिहिली असतील, त्याला प्रोग्राम नव्याने बांधून प्रत्येक ग्राहकाच्या यंत्रावर पुन्हा बसवणे भाग होते. ज्याने ती डेटाबेसच्या टेबलात ठेवली असतील, त्याचे काम टेबलातल्या काही ओळी बदलून भागणारे होते. पण त्याच्यापुढेही एक अधिक अवघड प्रश्न उभा होता. १९९९ सालच्या नोंदीत ‘मध्य प्रदेश, रायपूर’ असे निवडलेले आहे. ती नोंद आज उघडली तर त्या चौकटीत काय दिसावे?

हा प्रश्न एकदाच येऊन संपला असेही नाही. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर, अनूपपूर आणि अशोकनगर हे जिल्हे झाले, २००८ मध्ये अलीराजपूर आणि सिंगरौली, २०१३ मध्ये आगर माळवा, २०१८ मध्ये निवाडी, आणि २०२३ मध्ये मऊगंज, मैहर व मराठी वस्तीचा पांढुर्णा. आज राज्यात ५५ जिल्हे आहेत. पडद्यावर दोन बोटे रुंदीची जागा घेणारी एक यादी, पण तिच्यामागे राज्याचा इतिहास, शासनाचे निर्णय, जुन्या नोंदींची सत्यता आणि समोर बसलेल्या कारकुनाचे श्रम असे सगळे उभे असते. डेस्कटॉप प्रणालीतील ड्रॉपडाउन यादी कोडमधून भरणे, उघडणे, मिटणे, गाळणे, तिच्यातील निवड राखणे आणि वाचणे हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमांत त्याच्या वाट्याला बहुधा एखादे पान येते. तो एका पानात मावणारा नाही, असे मला मनापासून वाटते, आणि तो मराठीतून सविस्तर मांडला जावा असेही वाटते. या प्रांतात नव्याने येणाऱ्या वाचकाला त्याचा नकाशा हाती द्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

प्रथम या ड्रॉपडाउन यादीची ओळख करून घेऊ. विंडोजमध्ये कॉम्बो बॉक्स हा तयार कंट्रोल १९९० सालच्या ३.० आवृत्तीबरोबर आला. हे दोन जुन्या कंट्रोल्सचे जोडकाम होते : वर मजकूर लिहिण्याची चौकट, खाली यादी. त्याचे तीन प्रकार तेव्हा ठरले आणि ते आजही तसेच आहेत. पहिल्यात यादी कायम उघडी असते. दुसऱ्यात ती बाण दाबल्यावर उघडते आणि वरच्या चौकटीत यादीबाहेरचेही काही लिहिता येते. तिसऱ्यात यादीतले एक उचलणे एवढेच शक्य असते. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि हा कंट्रोल माउसने उचलून फॉर्मवर ठेवता येऊ लागला. त्या काळी घडलेले प्रोग्रामर आजही आपल्या कॉम्बोच्या नावाआधी ‘सीबीओ’ ही तीन अक्षरे लावतात, ती त्याच पिढीची खूण.

या तीन प्रकारांतून एक निवडणे हा दिसण्याचा प्रश्न आहे असे नवशिक्याला वाटते. खरे तर ते एक विधान असते. तिसरा प्रकार ठेवणारा प्रोग्रामर सांगत असतो की या प्रश्नाला माझ्या यादीबाहेर उत्तरच नाही. राज्याच्या किंवा रक्तगटाच्या बाबतीत हे विधान टिकते. व्यवसाय, मोहल्ला, पिकाचे वाण यांच्या बाबतीत ते फार लवकर खोटे ठरते आणि मग भरणारा माणूस ‘इतर’वर बोट ठेवून पुढे जातो. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने यावर एक शहाणा मध्यममार्ग दिला आहे. यादीपुरते मर्यादित राहा असे सांगता येते, आणि कोणी यादीबाहेरचे लिहिलेच तर ‘नॉट इन लिस्ट’ ही घटना (इव्हेंट) उठते. तिथे कोड त्या माणसाला विचारू शकतो की हे नवे नाव यादीत घालायचे आहे का, आणि होकार आल्यावर ते टेबलात घालून यादी ताजी करू शकतो. या पुस्तकाच्या पहिल्या भागात हाच विचार आहे : यादी कधी बंद ठेवावी, कधी उघडी ठेवावी आणि नवे नाव आत येण्याचे दार कोणाच्या हाती द्यावे.

दुसरा भाग नाव आणि क्रमांक यांच्या नात्याचा आहे. माणसाला नाव दिसते, नोंदीत मात्र क्रमांक जावा, हे या क्षेत्रातले सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे सूत्र. व्हिज्युअल बेसिकच्या कॉम्बोत प्रत्येक नावाशेजारी ‘आयटमडेटा’ नावाचा अदृश्य पूर्णांक ठेवण्याची सोय होती. यादी वर्णक्रमाने लावली की नाव मधेच कुठेतरी जाऊन बसते, म्हणून नुकत्याच घातलेल्या नावाची जागा ‘न्यूइंडेक्स’ला विचारूनच तो पूर्णांक जोडावा लागे. हे न विचारता जो शेवटची जागा गृहीत धरी, त्याच्या यादीत एका जिल्ह्याचे नाव दिसे आणि दुसऱ्याचा क्रमांक नोंदला जाई. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये हेच काम ‘डिस्प्लेमेंबर’ आणि ‘व्हॅल्यूमेंबर’ करतात. क्यूटी या साधनसंचात प्रत्येक ओळीबरोबर हवी ती माहिती बांधून ठेवता येते. साधने बदलली, सूत्र तेच राहिले.

हे सूत्र का महत्त्वाचे, हे आपल्या इंदूर जिल्ह्यापासूनच पाहता येते. महूचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकरनगर झाले. महाराष्ट्रातले अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंच्या नावाने इंदूरचे विद्यापीठ आहे, त्यांचेच हे नाव. ज्या प्रणालीने नोंदीत ‘अहमदनगर’ हा मजकूरच साठवला, तिच्यात आता एकाच जिल्ह्याच्या नोंदी दोन नावांनी विखुरतील आणि दोन्हींची बेरीज कोणत्याही अहवालात एकत्र येणार नाही. जिने क्रमांक साठवला, तिला टेबलात एक नाव बदलायचे आहे. क्रमांकही अमर नसतात. वस्तू व सेवा करात प्रत्येक राज्याला दोन अंकी क्रमांक आहे. मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, दमण व दीव २५, दादरा व नगर हवेली २६. शेवटचे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एक झाले आणि पुढे त्यांच्यासाठी २६ हा एकच क्रमांक राहिला. म्हणजे नव्या बिलाच्या यादीत २५ दिसता कामा नये, पण २०१८ चे बिल उघडले तर तो दिसलाच पाहिजे. यातून यादीतल्या प्रत्येक ओळीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशी आयुर्मर्यादा देण्याची पद्धत निघते. जुनी नोंद उघडताना कोड त्या नोंदीपुरती ती बंद पडलेली ओळ यादीत आणून ठेवतो आणि नवी नोंद करताना वगळतो. सुरुवातीच्या रायपूरच्या प्रश्नाला उत्तर आहे ते हेच.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. यादीतली निवड बदलली, एवढे प्रोग्रामला सहज कळते. ती कोणी बदलली, हे कळणे कठीण असते. माणसाने माउसने बदलली, की कोडनेच एखादी जुनी नोंद दाखवताना बदलली? या दोन्हींत आकाशपाताळाचे अंतर आहे. पहिल्यात कोणीतरी काही ठरवले आहे. दुसऱ्यात कोणीच काही ठरवलेले नाही, केवळ पूर्वी ठरलेले पडद्यावर आणले आहे.

वेगवेगळ्या साधनांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि त्यांचा तौलनिक अभ्यास फार उद्बोधक आहे. विंडोजच्या मुळाशी पाहिले तर तिथला नियम स्वच्छ आहे : कोडने निवड बदलली तर निवड बदलल्याची सूचना जातच नाही, ती फक्त माणसाच्या कृतीवर जाते. व्हिज्युअल बेसिकने याच पायावर उभे राहून उलटे ठरवले. तिथे कोडमधून ‘लिस्टइंडेक्स’ बदलला तरी ‘क्लिक’ ही घटना उठते, कोणी काही क्लिक केलेले नसताना. डॉटनेटमध्ये ‘सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड’ दोन्ही वेळी उठते आणि केवळ माणसाच्या निवडीसाठी ‘सिलेक्शनचेंजकमिटेड’ ही वेगळी घटना दिली आहे. तीही काही परिस्थितींत उठत नाही, असा इशारा तिच्याच दस्तऐवजात आहे. जावाच्या स्विंगमध्ये कोडने केलेली निवडही ॲक्शनची घटना उठवते. ॲक्सेसमध्ये कोडने मूल्य घातले तर ‘आफ्टर अपडेट’ उठत नाही. क्यूटीने दोन स्वतंत्र संकेत ठेवले : एक निवड बदलली की जातो, कोणीही बदललेली असो. दुसरा माणसाने निवड केली की जातो, त्याने पुन्हा तीच ओळ निवडली असली तरी.

हा शेवटचा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. माणसाने यादी उघडली, पाहिली आणि आधीचेच ‘इंदूर’ पुन्हा निवडले. मूल्य बदलले नाही, पण एक कृती घडली : त्याने खात्री केली. जिथे खात्रीलाच महत्त्व आहे, उदाहरणार्थ रुग्णाच्या नोंदीत, तिथे बदल झाला नाही म्हणून त्या कृतीकडे दुर्लक्ष करणारी प्रणाली अपुरी ठरते.

याच धाग्याला जोडून आणखी एक गोष्ट येते. कोणीच काही निवडलेले नसणे, हीसुद्धा एक अवस्था आहे. विंडोजमध्ये तिला उणे एक हा क्रमांक आहे. परंतु अनेक साधने ती अवस्था टिकू देत नाहीत. डॉटनेटमध्ये यादी टेबलाला जोडली की पहिली ओळ आपोआप निवडली जाते. स्विंगच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये आणि क्यूटीत रिकाम्या यादीत पहिली ओळ पडताक्षणी तीच निवड ठरते. मध्य प्रदेशाचे जिल्हे वर्णक्रमाने लावले तर सर्वांत वर अनूपपूर येते. मग ज्या ज्या नोंदीत भरणाऱ्याने जिल्ह्याला हातच लावला नाही, ती नोंद अनूपपूरच्या खात्यात जाते. नंतर अहवाल पाहणाऱ्याला तिथे मोठी संख्या दिसते आणि तो तिचा अर्थ लावू लागतो. न दिलेले उत्तर दिलेल्या उत्तरासारखे दिसू लागणे, यापरता डेटाचा मोठा अपमान नाही. यादी भरून झाल्यावर निवड उणे एकवर परत आणणारी ती एक ओळ प्रत्येक विद्यार्थ्याने सवयीने लिहावी.

यातून या पुस्तकाचे मुख्य म्हणणे उभे राहते. यादी तयार करणे प्रोग्रामचे काम आहे, निवड करणे माणसाचे. इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये गादीवर बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाची गरज ओळखून नेमकी थाने पुढे टाकतो, नको ती बाजूला सारतो, भराभर उलगडून दाखवतो, पण कापड फाडतो ते गिऱ्हाइकाने हो म्हटल्यावरच. कोडने यादीशी वागण्याची मर्यादा हीच असावी. पुढे येणारी सारी तंत्रे या एका मर्यादेच्या प्रकाशात वाचली तर त्यांची संगती लागते.

परस्परावलंबी याद्यांचे प्रकरण घ्या. राज्य निवडले की जिल्हे भरावेत, जिल्हा निवडला की तहसिली. तंत्र सोपे दिसते, पण क्रम चुकला की सगळे बिघडते. राज्य बदलले तर आधी जिल्हा आणि तहसील या दोन्ही याद्या रिकाम्या व्हायला हव्यात, नाहीतर महाराष्ट्राखाली मध्य प्रदेशातले सांवेर तहसील उरते. जुनी नोंद उघडताना राज्याची निवड कोड करतो, त्याने घटना उठते, ती जिल्ह्यांची यादी पुन्हा भरते आणि नुकताच ठेवलेला जिल्हा पुसला जातो. डॉटनेटमध्ये यादी आधी टेबलाला जोडली आणि ‘व्हॅल्यूमेंबर’ नंतर सांगितला, तर मधल्या क्षणी उठलेल्या घटनेला क्रमांकाऐवजी टेबलाची अख्खी ओळच हाती येते आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून आधी कोणता स्तंभ क्रमांकाचा ते सांगावे, मगच टेबल जोडावे. कोड यादी भरत असताना ‘सध्या भरणे चालू आहे’ अशी खूण उभी करणे, घटना तात्पुरती तोडणे, क्यूटीत संकेत रोखून धरणे, या सगळ्या उपायांचा हेतू एकच : प्रोग्रामची हालचाल माणसाची हालचाल म्हणून मोजली जाऊ नये.

इंदूरचा दवा बाजार या प्रकरणाला उत्तम उदाहरण पुरवतो. औषधांच्या ठोक व्यवहारात औषध निवडले की त्या औषधाच्या शिल्लक बॅच दिसायला हव्यात आणि प्रत्येक बॅचची मुदत वेगळी असते. इथे बॅचची यादी क्रमांकाच्या क्रमाने लावणे निरुपयोगी. ज्या बॅचची मुदत आधी संपते ती वर यायला हवी आणि मुदत संपलेली बॅच विक्रीच्या यादीत येताच कामा नये, मात्र परताव्याच्या यादीत यायला हवी. एकाच टेबलातून दोन कामांसाठी दोन याद्या निघतात. शिवाय औषधांची नावे एकमेकांसारखी असतात आणि वर्णक्रमाने लावलेल्या यादीत सारखी नावे नेमकी शेजारी बसतात. म्हणून अशा यादीत नावासोबत घटकद्रव्य आणि मात्रा दिसण्याइतकी उघडलेल्या यादीची रुंदी वाढवणे हे सजावटीचे काम राहत नाही. बंद चौकट अरुंद असली तरी उघडलेली यादी रुंद ठेवता येते. सर्वांत लांब ओळीची रुंदी मोजून ती कोडने ठरवावी.

प्रोग्रामने किती पुढे जावे, याची कसोटी कराच्या बिलात लागते. इंदूरच्या व्यापाऱ्याने मध्य प्रदेशातच माल पुरवला तर केंद्राचा आणि राज्याचा कर अर्धा अर्धा लागतो, दुसऱ्या राज्यात पुरवला तर एकात्मिक कर लागतो. हे ठरते पुरवठास्थळाच्या ड्रॉपडाउनमधून. ग्राहकाच्या पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, तेव्हा तो क्रमांक लिहिताच कोडने राज्य निवडून टाकावे असा मोह होतो. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण पुण्यातल्या कंपनीचा अधिकारी इंदूरच्या हॉटेलात उतरला, तर ग्राहकाचा क्रमांक २७ ने सुरू होत असूनही पुरवठास्थळ मध्य प्रदेशच असते, कारण अशी सेवा जिथे मालमत्ता आहे तिथली धरली जाते. म्हणून कोडने राज्य सुचवावे, सुचवलेले आहे हे दिसू द्यावे, बदलण्याची मुभा ठेवावी आणि एकदा माणसाने बदलले की पुन्हा आपला अंदाज त्यावर लादू नये. हा शेवटचा नियम पाळण्यासाठी निवड कोणाची होती हे नोंदवून ठेवावे लागते, म्हणजे पुन्हा आपण गाभ्याच्याच प्रश्नाशी येतो.

कोडमधून यादी उघडणे हे ऐकायला या विषयातले सर्वांत किरकोळ तंत्र. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९९८ मध्येही, त्यासाठी थेट सोय नव्हती. विंडोजला ‘सीबी_शोड्रॉपडाउन’ हा संदेश पाठवावा लागे. डॉटनेटने त्यासाठी ‘ड्रॉप्डडाउन’ हा गुणधर्म दिला, क्यूटी आणि स्विंग यांनी स्वतंत्र पद्धती दिल्या. प्रत्येकाच्या अटी आहेत. ॲक्सेसमध्ये फोकस त्या कॉम्बोवर नसेल तर चूक येते. स्विंगमध्ये कंट्रोल पडद्यावर प्रत्यक्ष दिसत नसताना यादी उघडू गेले की अपवाद उठतो. पण ‘कशी उघडावी’ यापेक्षा ‘कधी उघडावी’ हा प्रश्न मोठा आहे. रकान्यात शिरताच प्रत्येक यादी आपोआप उघडू लागली, तर टॅब दाबत झरझर पुढे जाणाऱ्या अनुभवी कारकुनाच्या वाटेत ती आडवी येते. जिथे पुढे जाण्याआधी पर्याय पाहणे अत्यावश्यक आहे तिथेच ती उघडावी. इतरत्र एफ-४ किंवा ऑल्ट आणि खालचा बाण यांवर विश्वास ठेवावा.

माणसाच्या हातून नकळत होणारी निवडही इथेच अभ्यासावी लागते. फोकस कॉम्बोवर राहिला आहे आणि माणूस लांब फॉर्म वरखाली करण्यासाठी माउसचे चाक फिरवतो. फॉर्म हलत नाही, यादीतली निवड मात्र दोन-चार ओळी सरकते आणि त्याच्या लक्षातही येत नाही. यंत्राच्या दृष्टीने ही माणसाचीच कृती, माणसाच्या दृष्टीने ती घडलीच नाही. यादी बंद असताना चाकाकडे दुर्लक्ष करणारा कोड थोड्या ओळींत लिहिता येतो, आणि तो लिहिलाच पाहिजे.

अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांच्या बाबतीत हा विचार अधिक काटेकोर व्हायला हवा. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक २००६ पासून विकसित होत आला आहे आणि ई-स्पीकच्या आवाजाने तो मराठीही वाचतो. त्याच्या साहाय्याने काम करणारा माणूस कीबोर्डवर चालतो. बंद यादीवर खालचा बाण दाबला की निवड लगेच एक ओळ पुढे जाते आणि प्रत्येक पावलाला घटना उठते. त्या घटनेला प्रोग्रामरने डेटाबेसची जड विचारणा जोडून ठेवली असेल, तर दहाव्या जिल्ह्यापर्यंत पोचण्यासाठी त्या माणसाला दहा वेळा थांबावे लागते, माउसवाल्याला एकदाच. उपाय असे : जड काम यादी मिटल्यावर किंवा निवड क्षणभर स्थिरावल्यावर करावे, आणि यादी स्वतःच्या कोडने रंगवून वेगळी दाखवण्याच्या हौसेत तिचे उघडणे-मिटणे आणि ओळींची नावे पडदावाचकाला कळेनाशी होऊ देऊ नयेत.

यादीच्या लांबीबद्दल थोडक्यात. पर्याय वाढले की ठरवायला वेळ वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. डॉटनेट आणि स्विंग एका वेळी आठ ओळी दाखवतात, क्यूटी दहा. इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड आठ-आठ करून पाहायचे तर ती शिक्षाच होते. मोठ्या यादीसाठी टाइप करता करता गाळणे, भाग पाडणे, अलीकडे वापरलेल्या ओळी वर ठेवणे या पद्धती आहेत. हजारो ओळी भरताना प्रत्येक ओळीगणिक पडदा रंगवू न देणे हा यंत्राच्या बाजूचा उपाय. मात्र हजारो ओळी ड्रॉपडाउनमध्ये भराव्या लागत असतील तर शोधाची चौकट ठेवणेच बरे.

आता त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हे पुस्तक मराठीत असण्याला विशेष अर्थ आहे. देवनागरी यादी कोडने हाताळणे ही अजूनही पुरती सुटलेली बाब नाही. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आतून युनिकोड वापरी, पण तिचे नेहमीचे कंट्रोल्स विंडोजच्या जुन्या संकेतप्रणालीवर चालत आणि त्या प्रणालीत देवनागरीला जागाच नव्हती. त्यामुळे यादीत प्रश्नचिन्हे उमटत. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आणि मंगल फाँट आल्यानंतरही ही अडचण त्या प्रणालींत राहिली. लोकांनी कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँट्सचा आधार घेतला. डोळ्यांना देवनागरी दिसे, साठवण मात्र रोमन चिन्हांची. अशा यादीचा वर्णक्रम रोमन चिन्हांनुसार लागतो आणि शोधही त्याच चिन्हांत होतो. त्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणणे हे इथल्या प्रोग्रामरांपुढचे नित्याचे काम आहे.

युनिकोड आल्यावर नव्या तऱ्हेचे प्रश्न आले. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढे येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले आणि त्याची जागा देवनागरी अंकांच्याही पुढे आहे. म्हणजे निव्वळ सांकेतिक क्रमाने लावलेल्या यादीत ‘ॲग्रो’ने सुरू होणारी सगळी दुकाने ‘ह’च्या खाली तळाशी जातात आणि शोधणारा ती नाहीत असे समजतो. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही एकच, तुलनेत मात्र वेगळे.

इंदुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथली यादी एकाच वेळी हिंदी आणि मराठी असते. हिंदीत राजवाड्याच्या ‘ड’खाली नुक्ता असतो, मराठीत नसतो. तो नुक्तायुक्त ‘ड़’ सुद्धा एका संकेताने किंवा दोन संकेतांनी लिहिला जाऊ शकतो. तेव्हा राजवाडा या एकाच नावाची तीन रूपे डेटाबेसमध्ये नांदतात आणि टाइप करता करता गाळणारी यादी त्यांतले एकच दाखवते. उपाय असा की दाखवण्याचे रूप जसेच्या तसे ठेवावे आणि शेजारी शोधासाठी एक वेगळा, सपाट केलेला मजकूर ठेवावा : संकेत एका ठरावीक रूपात आणलेले, नुक्ता काढलेला, अनुस्वार आणि अर्धा न एक मानलेले. माणूस त्याच्या सवयीचे लिहील, कोडने त्याला समजून घ्यावे. कोणत्या भाषेचा वर्णक्रम लावायचा हेही वापरणाऱ्याच्या भाषेवरून ठरावे.

या शहरातून असे पुस्तक निघण्याला आधार आहे. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत मराठी आजही घरात आणि बैठकीत बोलली जाते. १९५२ पासून गोविंदराम सेकसरिया संस्था इथे अभियंते घडवते आहे. साहित्याची मराठी आणि अभियंत्यांचे काम या दोन गोष्टी एकाच शहरात नांदत असताना तंत्रज्ञानाचा विचार मराठीतून करण्याची जबाबदारी आपल्याकडेही येते. आणि विषय डेस्कटॉपचाच का, असे कोणी विचारले तर सियागंज आणि दवा बाजारातल्या दुकानांकडे बोट दाखवावे. दिवसभर बिले बनवणाऱ्या गल्ल्यावर इंटरनेट असो नसो, काम थांबून चालत नाही, आणि कीबोर्डवर बसलेला हात माउसची वाट पाहत नाही.

वाचकाला एक विनंती. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा, पण प्रत्येक तंत्र आपल्या साधनात स्वतः करून पाहा. कॉम्बो फॉर्मवर ठेवा, कोडने निवड बदला आणि कोणती घटना उठते, कोणती उठत नाही ते लिहून काढा. मग माउसने, कीबोर्डने, चाकाने तेच करा. अशी टिपणे एकत्र आली तर साधनागणिक वागणुकीचा एक भरवशाचा तक्ता मराठीत तयार होईल. देवनागरी नावांचा शोधमजकूर बनवण्याचे नियमही असेच गावोगावच्या उदाहरणांतून पक्के करावे लागतील : नागपूर-पांढुर्ण्याकडची रूपे वेगळी, बेळगाव-कारवारकडची वेगळी, बडोद्याची वेगळी. हे काम एकट्याने होणारे नाही, आणि ते करायला फार मोठी साधनसामग्रीही लागत नाही.

या विषयाने मला शिकवलेली गोष्ट अशी की समोरच्या माणसाला काय हवे आहे हे आधीच ओळखण्याची शक्ती कोडमध्ये दिवसेंदिवस वाढत जाणार आहे. तेव्हा त्याच्या वतीने निवड करून टाकणे अधिकाधिक सोपे होईल. त्या वेळी यादी नेमकी लावून त्याच्यापुढे ठेवणारा, त्याने न दिलेले उत्तर कोरेच ठेवणारा आणि त्याने केलेली निवड जपणारा प्रोग्रामर हवा असेल. असे प्रोग्रामर मराठी घरांतून घडावेत म्हणून पुढची पाने लिहिली आहेत.